किंग टायगरचं वाकड्या पुढ्याचं टरेट: पोर्शेचं नव्हे, क्रुपचं

देवळालीकर

मंडळी, इथे महायुद्धातल्या रणगाड्यांवर अधूनमधून चर्चा रंगते. किंग टायगर, म्हणजे टायगर 2 चा विषय निघाला की दर वेळी एक वाक्य येतंच: "गोल पुढ्याचं ते पोर्शेचं टरेट, सपाट पुढ्याचं ते हेन्शेलचं." (टरेट म्हणजे रणगाड्यावरचा तोफ बसवलेला फिरता भाग; पोर्शे आणि हेन्शेल या जर्मन कंपन्या.) हे इतकं रुळलंय की मॉडेल किटच्या खोक्यांवरही तसंच छापलेलं असतं. मला ते फार दिवसांपासून खटकतंय, म्हणून हा धागा.

दोन्ही टरेटं क्रुप या तिसऱ्याच जर्मन कंपनीने आखली. पोर्शे आणि हेन्शेल यांची स्पर्धा होती ती खालच्या गाडीसाठी: हल (म्हणजे खालचं चिलखती धड), इंजिन, गिअर, सस्पेन्शन. तोफ आणि टरेट हे एसेनच्या क्रुपचं काम होतं, दोघांसाठीही.

घडलं ते असं. टायगर 1 च्या टरेटात 8.8 सेंमीची एल/56 तोफ होती. पुढच्या गाडीला त्याच व्यासाची पण एल/71 तोफ हवी होती. एल/71 म्हणजे नळी व्यासाच्या 71 पट लांब, जवळपास सव्वासहा मीटर. ती जुन्या टरेटात बसत नव्हती. म्हणून क्रुपने पोर्शेच्या नव्या गाडीसाठी नवं टरेट आखलं. त्या गाडीचं सरकारी नाव व्हीके 45.02 (पी), पोर्शेच्या दप्तरी टाइप 180. पेट्रोल इंजिनांनी जनरेटर फिरवायचे, त्या विजेवर मोटर चालवायच्या आणि मोटरनी पट्टे ओढायचे, अशी तिची रचना. हीच पद्धत पोर्शेच्या आधीच्या टायगरमध्ये त्रासदायक ठरली होती, आणि तिला तांबंही भरपूर लागायचं, जे जर्मनीकडे तुटपुंजं होतं. 1942 च्या अखेरीस पोर्शेची ऑर्डर रद्द झाली. टाइप 180 चा एकही पूर्ण रणगाडा बनला नाही.

पण क्रुपकडे टरेटांचं काम तोवर सुरू झालेलं होतं. शेवटी अशी 50 टरेटं तयार झाली आणि ती हेन्शेलच्या हलवर चढली: तीन प्रोटोटाइपांवर (व्ही1, व्ही2, व्ही3) आणि सुरुवातीच्या 47 गाड्यांवर. एकूण उत्पादन प्रोटोटाइप सोडून 489. म्हणजे दहातल्या एका गाडीवर हे टरेट. बाकी सगळ्यांवर क्रुपचंच दुसरं, सपाट पुढ्याचं टरेट.

आता फरक बघा. पहिल्या टरेटाचा पुढा 100 मिमी जाडीचा आणि गोलाईत वाकवलेला. बाजूचे पत्रे 80 मिमी, उभ्यापासून 30 अंश कललेले. डाव्या बाजूला कमांडरच्या घुमटीखाली पत्र्याला फुगवटा. दुसऱ्या टरेटाचा पुढा 180 मिमीचा, सपाट, जेमतेम 10 अंश कललेला. बाजू 80 मिमीच, पण कल 21 अंशांच्या आसपास. फुगवटा नाही.

माझं म्हणणं असं की हा बदल दोन कंपन्यांच्या आवडीनिवडीतून झालेला नाही. एकाच कारखान्याने आपलंच काम पुन्हा हातात घेऊन सोपं आणि जाड केलं. तुम्हाला काय वाटतं?

---

कोंडाणा_77

उत्तम धागा. एक शंका. जे टरेट एका गाडीसाठी आखलं ते दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर जसंच्या तसं कसं बसलं?

---

देवळालीकर

@कोंडाणा_77, जसंच्या तसं नाही बसलं. पोर्शेच्या गाडीत वीज मुबलक होती, म्हणून टरेट विजेच्या मोटरने फिरणार होतं. हेन्शेलच्या गाडीत नेहमीचं मायबाख पेट्रोल इंजिन आणि गिअरबॉक्स. तिथे टरेट हायड्रॉलिक पद्धतीने फिरवायचं, आणि त्याला जोर मुख्य इंजिनाचाच. त्यामुळे फिरवायची यंत्रणा बदलावी लागली. इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर असेल तर टरेटाची एक पूर्ण फेरी 19 सेकंदांत व्हायची. इंजिन मंद असेल तर टरेटही मंद.

ज्या कडीवर टरेट फिरतं तिचा व्यास दोन्हींत 1850 मिमी. तो सारखा असल्यामुळेच दुसरं टरेट आल्यावर हल बदलावा लागला नाही.

---

मृण्मयी_प

मी जाड पत्र्याच्या फॅब्रिकेशनमध्ये काम करते, त्यामुळे हा विषय अगदी जवळचा. देवळालीकर, तुम्ही "सोपं केलं" एवढंच लिहून पुढे गेलात, पण सगळी मेख त्यातच आहे.

100 मिमीचा चिलखती पत्रा गोलाईत वाकवायचा म्हणजे तो भट्टीत लाल करायचा, मोठ्या प्रेसखाली हळूहळू दाबायचा, मग पाणी देऊन कडक करायचा. कडक करताना पत्रा फिरतो, ताण सुटतो, माप जातं. मग पुन्हा सरळ करणं, पुन्हा तपासणं. त्यात डाव्या बाजूचा फुगवटा. सरळ कललेल्या पत्र्याच्या मधोमध पोट काढायचं आणि कडा मात्र छताच्या पत्र्याशी जुळल्या पाहिजेत. ज्याने असा सांधा वेल्ड केलाय त्याला विचारा. फट कुठे दोन मिमी, कुठे आठ. एवढ्या जाडीत ती भरत बसायचं म्हणजे वेल्डरचा दिवस जातो, आणि तडा जायची भीती वेगळी.

सपाट पत्रा असेल तर गॅस कटिंगने आकार कापा, कडांना खाचा करा, एकमेकांत अडकवा आणि वेल्ड करा. 180 मिमी जाडी ऐकायला भयंकर वाटते, पण सपाट 180 हा वाकवलेल्या 100 पेक्षा कारखान्याला नक्कीच सोयीचा.

आता थोडं गणित. 80 मिमीचा पत्रा 30 अंश कलला तर समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला साधारण 92 मिमी पोलाद ओलांडावं लागतं. 21 अंशांवर तेच 86 मिमी होतं. म्हणजे नव्या टरेटाच्या बाजू खरं तर थोड्या कमजोर झाल्या. हे क्रुपला दिसत नव्हतं असं नाही. बाजू उभ्या केल्यामुळे आत जागा झाली, कमांडरची घुमटी छतावर नीट मावली, फुगवटा गेला. सहा मिमी देऊन एवढं मिळालं. मी असते तर मीही हाच सौदा केला असता.

---

शंकासूर

मृण्मयीताई, प्रतिसाद आवडला. पण सगळीकडे लिहितात की पहिलं टरेट शॉट ट्रॅपमुळे बदललं. गोल पुढ्याच्या खालच्या भागावर गोळा आदळला की तो खाली वळून हलच्या पातळ छतातून आत शिरायचा. रणांगणावर हे लक्षात आलं आणि मग सपाट पुढा आणला, असं मी वाचलंय. तुम्ही दोघं कारखान्याच्या सोयीवर जास्त भर देताय असं वाटतं.

---

देवळालीकर

शंकासूर, शॉट ट्रॅप खराच आहे. नळ्याच्या कौलावरून पाणी जसं वळचणीला येतं तसा गोळा गोलाईच्या खालच्या अर्ध्यावरून खाली येतो, आणि तिथे हलचं छत फक्त 40 मिमी. बाजूला तिरका उडून जाणारा गोळा नेमका सर्वांत पातळ जागी पाठवला जातो. आखणीतला हा मोठाच दोष.

पण "रणांगणावर लक्षात आलं" हे तारखांमध्ये बसत नाही. सपाट पुढ्याचं टरेट जून 1944 पासून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांवर दिसतं. किंग टायगर पहिल्यांदा खऱ्या लढाईत उतरला तो 18 जुलै 1944 ला, नॉर्मंडीत, 503 व्या जड रणगाडा बटालियनच्या पहिल्या कंपनीकडून. म्हणजे जुनं टरेट पहिला गोळा खाण्याआधीच नवं टरेट आखून, बनवून, बसवूनही झालेलं होतं. किंग टायगरच्या लढायांतून शिकून हा बदल झाला असणं शक्यच नाही.

हां, पँथर या दुसऱ्या जर्मन रणगाड्यावरून धडा घेतला असू शकतो. पँथर जुलै 1943 मध्ये कुर्स्कला उतरला, त्याच्या तोफेभोवतीचं कवचही असंच आडव्या नळकांड्यासारखं गोल, आणि खाली हलचं छत फक्त 16 मिमी. तिथे हा दोष फार महागात पडणारा होता. गंमत म्हणजे पँथरवर त्याचा उपाय, म्हणजे खाली हनुवटीसारखा उभा कठडा काढलेलं कवच, सप्टेंबर 1944 पासून आलं. किंग टायगरवर आधी आणि पँथरवर नंतर.

माझ्या मते दोन्ही कारणं एकाच दिशेला ओढत होती. सपाट पुढा बनवायला सोपा, जास्त जाड करता येतो, आणि गोळा खाली वळवत नाही. तिन्ही फायदे एकाच रेषेत आल्यावर निर्णयाला फार वाद लागला नसावा.

---

अण्णा_नगरकर

आर्मर्ड कोरमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. धागा वाचून बरं वाटलं. टरेटाच्या पुढ्याबद्दल सगळे बोलतात, मागच्या भागाबद्दल कोणीच काही म्हणालं नाही, म्हणून लिहितो.

तोफ लांब झाली की टरेट पुढून जड होतं. गाडी सपाटीवर असेल तर चालून जातं. गाडी उतारावर आडवी उभी असेल तर पुढून जड टरेट हाताच्या चाकाने चढाकडे फिरवणं म्हणजे घाम काढणारं काम. म्हणून मागे वजन हवं. किंग टायगरच्या दोन्ही टरेटांना मागे लांब शेपूट आहे ते त्यासाठीच, आणि त्यात दारूगोळा ठेवलेला. पहिल्या टरेटाच्या मागच्या भागात 16 गोळे, दुसऱ्यात 22. त्यामुळे गाडीचा एकूण साठा 80 वरून 86 झाला. मृण्मयीताईंनी जागा वाढली म्हणून लिहिलंय, ती जागा इथेही दिसते.

पण टरेटाच्या मागे गोळे ठेवणं धोक्याचं. बाजूने 80 मिमी भेदून गोळा आत आला तर पहिला घाव तिथेच. काही क्रू ती जागा मुद्दाम रिकामी ठेवत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही ठेवली असती. सहा गोळे जास्त असण्यापेक्षा मागे आग न लागणं मोलाचं.

आणखी एक. आपल्या नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जर्मन 88 मिमी विमानविरोधी तोफ आहे. किंग टायगरची तोफ तीच नव्हे, पण 88 मिमीच्या गोळ्याचा व्यास प्रत्यक्ष किती असतो ते तिच्या नळीत डोकावून कळतं. जवळ राहणाऱ्यांनी बघून यावं.

---

कोंडाणा_77

अण्णा, सलाम. ही बाजू कुठल्याच व्हिडिओत ऐकली नव्हती.

---

सातासमुद्रापार

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि डॉर्सेटमधल्या बोव्हिंग्टन टँक म्युझियमला संधी मिळेल तेव्हा जातो. ज्या व्ही2 प्रोटोटाइपचा उल्लेख वर आलाय तो तिथेच आहे, याच गोल पुढ्याच्या टरेटासह. हेन्शेलच्या हाउस्टेनबेकच्या चाचणी मैदानावर तो ब्रिटिशांना मिळाला. लढाईत कधी उतरलाच नाही.

फोटोत न कळणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे तो फुगवटा. समोरून बघितलं तर टरेट जवळजवळ दोन्हीकडे सारखं वाटतं. डाव्या अंगाने चालत मागे गेलं की बाजूचा पत्रा सपाट, सपाट आणि मग घुमटीखाली एकदम बाहेर येतो. त्यावर हॉलमधल्या दिव्यांचा उजेड वाकडा पडतो, म्हणून तो आधी उजेडामुळे दिसतो आणि मग आकारामुळे. उजव्या बाजूला असं काहीच नाही. कमांडर तोफेच्या डावीकडे, नेमबाजाच्या मागे बसायचा आणि गोळे भरणारा उजवीकडे उभा, म्हणून फुगवटा डावीकडेच.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढ्याची गोलाई हलच्या छताच्या किती जवळ येऊन संपते. गाडीच्या नाकासमोर उभं राहून तोफेच्या नळीखालून बघितलं की गोलाईचा खालचा अर्धा भाग आणि छत यांच्यामधला तो कोनाडा स्पष्ट दिसतो. शंकासूर यांना शॉट ट्रॅपबद्दल जे वाचायला मिळालं ते तिथे डोळ्यांनी पटतं.

टायगर 131, म्हणजे 1943 मध्ये ट्युनिशियात पकडलेला टायगर 1, त्याच संग्रहालयात आहे. त्याचं टरेट घोड्याच्या नालेच्या आकारात वाकवलेल्या एका लांब पत्र्याचं. एकाच भेटीत दोन्ही बघितली की क्रुपच्या विचारातला बदल समजतो: आधी उभ्या भिंती गोल वाकवलेल्या, मग पुढा गोल आणि भिंती कललेल्या, आणि शेवटी सगळंच सपाट.

---

विश्राम_कुलकर्ण्यांचा

माउसबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. 188 टनांचा जर्मन रणगाडा माउस, म्हणजे पोर्शेचाच टाइप 205. त्याचंही टरेट क्रुपचं. 128 मिमीची तोफ, तिच्या शेजारी 75 मिमीची दुसरी तोफ, टरेटाचं वजन सुमारे 55 टन. एका टरेटात एक अख्खा पॅटन मावला असता, वजनाच्या हिशेबाने. आणि त्याचाही पुढा गोल वाकवलेला, तोही 200 मिमीहून जाड!

पुढे क्रुपने माउससाठी सुधारित टरेटाचे आराखडे काढले, त्यात पुढा सपाट तिरका केला. ते प्रत्यक्षात बनलं नाही. पण देवळालीकरांच्या मुद्द्याला यातून बळच मिळतं. एकाच कारखान्यात 1942-43 मध्ये गोल पुढ्याची पद्धत होती आणि 1944 पर्यंत ती सगळीकडून मागे पडत गेली.

माउसचे दोन प्रोटोटाइप झाले. टरेट फक्त दुसऱ्यावर बसलं, पहिल्यावर चाचणीसाठी तेवढ्या वजनाचा नुसता ठोकळा होता. कुम्मर्सडॉर्फला जर्मनांनी दुसरा उडवून दिला. सोव्हिएत सैन्याने त्याचं टरेट उचलून पहिल्याच्या हलवर ठेवलं, आणि आज मॉस्कोजवळ कुबिंकाला जो दिसतो तो असा दोन गाड्यांचा मिळून एक आहे.

---

देवळालीकर

विश्राम, हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका चांगला आहे. वाकवलेल्या 200 मिमीच्या पत्र्यावर मृण्मयीताईंचं मत ऐकायला आवडेल.

---

मृण्मयी_प

ज्यांनी तो वाकवला त्यांच्या प्रेसची आणि हाताची मला कमाल वाटते. आणि त्याच वेळी मनात येतं की ते हात कोणाचे होते. क्रुपच्या कारखान्यांत हजारो लोक सक्तीने आणून राबवलेले होते: पूर्व युरोपातले नागरिक, युद्धकैदी, छळछावणीतल्या बायकासुद्धा. यासाठी न्यूरेंबर्गला क्रुपवर वेगळा खटला चालला आणि 1948 मध्ये आल्फ्रिड क्रुपला शिक्षा झाली. टरेटाच्या वेल्डबद्दल आपण तासन् तास बोलू शकतो, मलाही आवडतं. पण ते वेल्ड कोणत्या परिस्थितीत झाले हे त्याच वाक्यात लिहिलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

---

अण्णा_नगरकर

ताई, बरोबर बोललात.

---

शंकासूर

सहमत. आणि टरेटाच्या तारखांचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण मग गोल टरेटाच्या गाड्या लढाईत कशा ठरल्या? 18 जुलैचं पुढे काय झालं?

---

देवळालीकर

18 जुलै म्हणजे ऑपरेशन गुडवुडचा, ब्रिटिशांच्या नॉर्मंडीतल्या हल्ल्याचा, पहिला दिवस. सकाळी प्रचंड बॉम्बफेक झाली. 503 च्या या कंपनीच्या दोन गाड्या लढाईत गेल्या आणि कंपनी कमांडरची गाडी बॉम्बने पडलेल्या खड्ड्यात अडकून कायमची गेली. तिला बाहेर काढता आलं नाही. 68 टनांच्या गाडीचं पुढ्याचं चिलखत कितीही जाड असलं तरी खड्डा तिला ओळखत नाही.

त्याच दिवशी कान्यी गावाजवळ आयरिश गार्ड्सच्या लेफ्टनंट जॉन गॉर्मनने आपला शर्मन रणगाडा, नाव बॅलीरॅगेट, सरळ एका किंग टायगरवर नेऊन धडकवला. शर्मनची तोफ अडकली होती, आणि किंग टायगरचं लांब नळीचं टरेट त्याच्याकडे वळत होतं. ते वळून होण्याआधी पोचायचं एवढाच त्याचा हिशेब. दोन्ही गाड्यांचे क्रू बाहेर पडले, नंतर गॉर्मन एक फायरफ्लाय (जास्त ताकदवान तोफेचा शर्मन) घेऊन परत आला आणि त्याने त्या गाडीवर गोळे झाडले. टरेट फिरायला किती वेळ लागतो हा आकडा वर मी कोरडा लिहिला होता. तो त्या माणसाच्या दृष्टीने काय होता ते इथे कळतं.

शॉट ट्रॅपचा या दिवसाशी काही संबंध दिसत नाही. गाड्या गेल्या त्या बॉम्ब, खड्डे आणि बाजूने आलेल्या माऱ्यामुळे.

---

छोटी_स्केल

उशिरा आलो, पण माझ्या कामाचा धागा. 1/35 प्रमाणात तामिया या मॉडेल कंपनीची दोन्ही टरेटांची वेगवेगळी किटं आहेत. गोल टरेटाचं माझ्याकडे आहे, अजून बांधायला घेतलं नाही. दोन प्रश्न. बोव्हिंग्टनचा व्ही2 करायचा तर झिमरिट (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन लावत तो खरखरीत लेप) लावायचं का? आणि 503 ची नॉर्मंडीतली गाडी करायची तर नळी कोणती?

---

सातासमुद्रापार

व्ही2 ला झिमरिट नाही. पत्रे उघडे आहेत, वेल्डच्या रेषा आणि पत्र्यांच्या अडकवलेल्या खाचा स्वच्छ दिसतात. मॉडेलसाठी ही चांगलीच संधी. ते वेल्ड झाकू नका.

---

देवळालीकर

@छोटी_स्केल, सुरुवातीच्या गाड्यांना एकसंध नळी होती आणि तिच्या टोकाला जड मझल ब्रेक (तोफेचा धक्का कमी करणारा तुकडा). नंतर दोन तुकड्यांची नळी आणि लहान मझल ब्रेक आला. किटमध्ये नळ्यांचे पर्याय असतील तर तुमच्या गाडीच्या फोटोत सव्वासहा मीटरच्या मध्यावर जाडी पायरीने बदलते की सलग उतरते ते बघा, उत्तर मिळेल. दुर्बिणीची भोकंही तपासा. पहिल्या टरेटांवर नेमबाजाची दुर्बीण दुहेरी, म्हणून पुढ्यावर तोफेच्या डाव्या बाजूला दोन भोकं. नंतर एकेरी आली.

503 च्या पहिल्या कंपनीचे क्रमांक 1 ने सुरू होतात. नॉर्मंडीतल्या गाड्यांना झिमरिट हवंच, हलवर आणि टरेटाच्या बाजूंवरही. फुगवट्यावर पुटी लावताना आडव्या रेघा त्याच्या वळणाबरोबर फिरवा. सरळ ओढल्या तर फुगवटा सपाट दिसतो.

---

छोटी_स्केल

आभार. फुगवट्यापासूनच सुरुवात करतो. झाल्यावर फोटो इथेच टाकेन.